मूल आजीकडे, आई-वडील मुंबईला. गावच्या शाळेत प्रवेश मिळतो का?

अलिबागहून रेवदंड्याकडे निघालात की आक्षीनंतर नागाव लागते. पर्यटकांना ते समुद्रकिनारा, नारळी-पोफळीच्या वाड्या आणि कॉटेजमुळे ठाऊक आहे. (उरण तालुक्यातही एक नागाव आहे, इथे बोलतो आहोत ते अलिबाग तालुक्यातल्या नागावबद्दल.) या पट्ट्यातल्या कित्येक घरांची एक बाजू मुंबईला असते. कमावती माणसे तिकडे आणि म्हातारी माणसे वाडीवर, असा संसार कोकणाला नवा नाही. अनेकदा मूलही वाडीवरच राहते, आजी-आजोबांकडे, काकांकडे नाही तर मामाकडे.

आता असे समजा की जून उजाडला आहे. आजी नातवाचा हात धरून जिल्हा परिषदेच्या शाळेत आली आहे. पिशवीत जन्माचा दाखला, स्वतःचे रेशनकार्ड आणि आधार आहे. टेबलामागून विचारणा होते, "आजी, मुलाचे आई-वडील कुठे आहेत? त्यांना घेऊन या. आधारवर तर डोंबिवलीचा पत्ता आहे. तुम्ही कायदेशीर पालक असल्याचा कोर्टाचा कागद आहे का?"

आजीकडे असा कागद नाही. लेक-जावई लगेच रजा काढून येऊ शकत नाहीत. आजी म्हणते, "बघते, दिवाळीत येतील तेव्हा आणते त्यांना." नेमके इथेच मुलाचे अर्धे वर्ष जाते.

हा प्रसंग समजुतीसाठी रचलेला आहे, पण त्यातले प्रश्न अनेक घरांत पडतात. मूल आई-वडिलांजवळ राहत नसेल तर त्याला गावच्या सरकारी शाळेत मोफत प्रवेश मिळतो का? कोणते कागद लागतात? शाळेला काय मागता येते आणि कशावरून अडवता येत नाही? एकेक करून पाहू.

थोडक्यात उत्तर

• ६ ते १४ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत मोफत प्रवेशाचा हक्क आहे. तो हक्क मुलाचा आहे, आई-वडिलांच्या पत्त्याचा नाही.
• ज्याच्याकडे मुलाचा सांभाळ आणि ताबा आहे, ती व्यक्ती शिक्षण हक्क कायद्यानुसार 'पालक' ठरते. त्यासाठी न्यायालयाचा आदेश लागत नाही.
• जन्मदाखला, आधार किंवा आधीच्या शाळेचा दाखला हातात नाही, एवढ्यावरून सरकारी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही.
• खासगी शाळांतल्या २५ टक्के राखीव जागांचे नियम वेगळे आहेत. तिथे पत्त्याला फार महत्त्व आहे.

कायद्याच्या भाषेत 'पालक' कोण?

निम्मा घोळ या एका शब्दाने केला आहे. मराठीत आपण आई-वडिलांनाही पालक म्हणतो आणि सांभाळ करणाऱ्यालाही पालकच म्हणतो. शाळेच्या अर्जावर 'पालकाची सही' असा रकाना असतो, आणि तो आई-वडिलांसाठीच आहे असे गृहीत धरले जाते.

'बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९' हा कायदा, म्हणजे रोजच्या बोलण्यातला आरटीई, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २ मध्ये या दोघांच्या दोन स्वतंत्र व्याख्या आहेत. पहिली आई-वडिलांची. सख्खे, सावत्र किंवा दत्तक घेतलेले आई-वडील तिच्यात येतात. दुसरी व्याख्या पालकाची. मुलाचा सांभाळ आणि ताबा ज्याच्याकडे आहे ती व्यक्ती म्हणजे पालक. न्यायालयाने किंवा एखाद्या कायद्याने नेमलेला पालकही या व्याख्येत 'समाविष्ट' आहे.

हा 'समाविष्ट' शब्द महत्त्वाचा आहे. न्यायालयाने नेमलेला माणूस पालक असतोच, पण फक्त तोच पालक असतो असे कायदा म्हणत नाही. मुलाला रोज जेवू घालणारी, आजारपणात दवाखान्यात नेणारी आणि रात्री घरी झोपवणारी आजी शिक्षण हक्काच्या कामापुरती पालकच आहे.

याच कायद्याचे कलम १० आणखी पुढे जाते. मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणे हे प्रत्येक आई-वडिलांचे 'किंवा पालकाचे' कर्तव्य आहे, असे ते सांगते. म्हणजे नातवाला शाळेत घालण्याची जबाबदारी कायद्याने आजीवरही टाकली आहे. ती पार पाडायला आलेल्या आजीलाच 'तुम्ही पालक नाही' म्हणून परत पाठवणे कायद्याला धरून होणार नाही.

'जवळची शाळा' ही अट कुणावर आहे?

अनेकांचा समज असा की ज्या गावचे रेशनकार्ड, त्याच गावची शाळा. कायद्यात असे कुठेही म्हटलेले नाही.

महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांनुसार पहिली ते पाचवीसाठी साधारण १ किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटर अंतरात शाळा असावी. ही अट आहे सरकार आणि स्थानिक प्राधिकरणावर. मुलाला लांब चालत जावे लागू नये, म्हणून शाळा जवळ उभी करायची जबाबदारी त्यांची. मुलाला अडवण्यासाठी हे अंतर आखलेले नाही.

अंतर मोजायचे तेही मूल सध्या राहते तिथून. नातू नागावात आजीच्या घरी राहतो, तर त्याची जवळची शाळा नागावची. आई-वडिलांच्या आधारवर डोंबिवली असो, पनवेल असो की परराज्यातले एखादे गाव असो, त्याने फरक पडत नाही. हंगामात इथल्या कॉटेजमध्ये किंवा बांधकामावर काम करायला आलेल्या परप्रांतीय काकाकडे राहणाऱ्या पुतण्यालाही हेच लागू होते. स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना प्रवेश मिळेल याची खातरजमा करणे हे कलम ९ नुसार स्थानिक प्राधिकरणाचे काम आहे.

आईकडच्या आजोळी राहणाऱ्या मुलांबाबत आणखी एक शंका घेतली जाते. आजोबांचे आडनाव वेगळे आणि मुलाचे वेगळे. आडनाव जुळलेच पाहिजे अशी अट कायद्यात नाही. नाते काय ते अर्जात स्पष्ट लिहिले की पुरे.

मग शाळा इतके कागद का मागते?

प्रत्येक वेळी त्यामागे आडमुठेपणा असतो असे नाही. मुख्याध्यापकांची बाजूही समजून घ्यायला हवी.

शाळेत किती शिक्षक मिळणार हे पटावरून ठरते. या हिशेबाला संचमान्यता म्हणतात. आता हा पट ऑनलाइन नोंदींवरून आणि मुलांच्या आधार पडताळणीवरून मोजला जातो. मुलाचे आधार नसेल, नावात फरक असेल किंवा आधीच्या शाळेने त्याची ऑनलाइन नोंद सोडलेली नसेल, तर मूल वर्गात बसलेले असूनही हिशेबात दिसत नाही. कमी पटाच्या शाळेत दोन-तीन मुलांच्या फरकाने शिक्षकाचे पद जाऊ शकते. त्यामुळे मुख्याध्यापक आधीच कागद पूर्ण करून घेऊ पाहतात.

ही अडचण खरी आहे, पण ती प्रशासनाची आहे. तिचा भार मुलावर टाकता येत नाही. आधी प्रवेश द्यायचा, मूल वर्गात बसवायचे आणि मग कागदांची पूर्तता करायची, हा कायद्याचा क्रम आहे.

आधारबाबत सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात नेमके सांगितले आहे. ६ ते १४ वयाच्या मुलांचे शिक्षण हा राज्यघटनेच्या कलम २१-अ नुसार मूलभूत हक्क आहे, ती सरकारने दिलेली सवलत नव्हे; म्हणून शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचे करता येत नाही. आधार नाही म्हणून प्रवेश नाकारू नये, असे आधार प्राधिकरणानेही त्याच महिन्यात शाळांना कळवले होते.

जन्मदाखल्याबाबत कलम १४ तितकेच स्पष्ट आहे. वयाचा पुरावा नाही म्हणून कोणत्याही मुलाला प्रवेश नाकारायचा नाही. दाखला नसेल तर दवाखान्याची किंवा परिचारिकेच्या नोंदवहीतली नोंद, अंगणवाडीतली नोंद, तीही नसेल तर आई-वडिलांनी किंवा पालकाने वयाबद्दल दिलेले लेखी निवेदन चालते. हे निवेदन 'पालक' देऊ शकतो, म्हणजे आजीही देऊ शकते.

आजीने पिशवीत काय न्यावे?

कागद नसले तरी प्रवेशाचा हक्क आहे. पण असलेले कागद सोबत नेले तर पुढची धावपळ वाचते.

१. मुलाचा जन्मदाखला. नसेल तर अंगणवाडीची नोंद किंवा लसीकरणाचे कार्ड.
२. आधीच्या शाळेचा दाखला. नसेल तर जुने प्रगतिपुस्तक.
३. मुलाचे आधार असल्यास त्याची प्रत. त्यावरचा पत्ता जुना असला तरी चालेल.
४. सांभाळ करणाऱ्याचा ओळखीचा आणि राहत्या घराचा एखादा कागद. रेशनकार्ड, वीजबिल, घरपट्टीची पावती यांपैकी काहीही.
५. शक्य असल्यास आई किंवा वडिलांचे चार ओळींचे संमतिपत्र आणि त्यांचा फोन नंबर. साध्या कागदावर लिहून फोटो व्हॉट्सॲपवर मागवला तरी सुरुवातीला उपयोग होतो.

संमतिपत्र ही कायद्याची अट नाही, पण त्याने शाळेची शंका मिटते. आई-वडील हयात नसतील किंवा संपर्कात नसतील तर ते आणण्याचा प्रश्नच येत नाही. तसे अर्जात लिहून द्यावे.

यासाठी स्टॅम्पपेपर विकत घेऊन नोटरीकडे जायची गरज सहसा पडत नाही. सरकारी कामांत प्रतिज्ञापत्राऐवजी साधे स्वयंघोषणापत्र स्वीकारावे, असा राज्य सरकारचा निर्णय २०१५ पासून आहे.

अर्जाचा मजकूर असा ठेवता येईल:

"मी (नाव), राहणार नागाव, तालुका अलिबाग. माझा नातू (नाव) हा (तारीख) पासून माझ्याकडे राहत असून त्याचा सांभाळ मी करते. त्याचे आई-वडील कामानिमित्त (गाव) येथे राहतात. शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार पालक या नात्याने त्याला आपल्या शाळेत इयत्ता (...) मध्ये प्रवेश मिळावा, ही विनंती. वरील माहिती खरी आहे."

खाली सही किंवा अंगठा आणि तारीख. अर्जाच्या दोन प्रती करा आणि एकीवर शाळेची पोच घ्या. पोच घेतली की तोंडी नकाराची जागा लेखी नोंद घेते.

एक खबरदारी मात्र जरूर घ्या. मूल आजीकडे राहते म्हणून शाळेच्या रजिस्टरमध्ये वडिलांच्या जागी आजोबांचे नाव लावू नका. मुलाचे पूर्ण नाव, आई-वडिलांची नावे, जन्मतारीख, जन्मस्थळ, जात हे सगळे मूळ कागदांप्रमाणेच लिहा. आजीचे नाव सांभाळ करणारी पालक म्हणून वेगळे द्या. पुढे जातीचा दाखला, शिष्यवृत्ती, पासपोर्ट अशा कामांत याच नोंदी पाहिल्या जातात, आणि शाळा सोडल्यानंतर त्या बदलून घेणे फार जड जाते.

आधीच्या शाळेचा दाखला अडकला तर?

घर बदलताना असे हमखास होते. मुंबईतली शाळा म्हणते आई-वडिलांनी स्वतः यावे. खासगी शाळा असेल तर उरलेली फी भरा म्हणते. इकडे मूल घरी बसलेले असते.

कलम ५ यासाठीच आहे. मुलाला एका शाळेतून दुसऱ्या सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाण्याचा हक्क आहे, मग ती शाळा राज्यातली असो वा राज्याबाहेरची. आधीच्या मुख्याध्यापकाने दाखला लगेच द्यायचा आहे. त्याने उशीर केला तर त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. आणि मुख्य मुद्दा हा की दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही.

जून उलटून गेला असेल तरीही दार बंद होत नाही. वडिलांची नोकरी ऑगस्टमध्ये गेली आणि मूल सप्टेंबरात गावी आले, तरी कलम १५ नुसार प्रवेश द्यावाच लागतो. मध्ये वर्ष-दोन वर्षे शाळा सुटली असेल तर मुलाला वयाप्रमाणे योग्य इयत्तेत बसवून मागे राहिलेला अभ्यास विशेष प्रशिक्षणातून भरून काढायचा असतो. ही तरतूद कलम ४ मध्ये आहे. नऊ वर्षांच्या मुलाला पहिलीत बसवणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

वीटभट्टीवर जाणाऱ्या घरांचे काय?

रायगडात हा प्रश्न केवळ चाकरमान्यांच्या मुलांचा नाही. जिल्ह्यातली अनेक कातकरी कुटुंबे पावसाळा आणि दिवाळी सरली की वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर कामाला निघतात आणि पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर परततात. मूल सोबत नेले तर त्याची शाळा अर्ध्या वर्षात सुटते. वाडीवर आजीकडे ठेवले तर त्याच्या जेवणाचा प्रश्न येतो, कारण मागे राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांचे स्वतःचेच भागत नाही.

मूल मागे ठेवणाऱ्यांसाठी समग्र शिक्षा अभियानात हंगामी वसतिगृहाची सोय आहे. मूल गावातच राहते, शाळेत जाते आणि स्थलांतराच्या महिन्यांत त्याच्या दोन्ही वेळच्या जेवणाची व्यवस्था होते. मूल सोबत न्यायचे असेल तर गावच्या शाळेतून शिक्षण हमी कार्ड घ्यावे. ते जिथे जाल तिथल्या शाळेत दाखवले की मुलाला तिथे बसता येते आणि परतल्यावर आपल्या शाळेत पुढे शिकता येते. ही मागणी निघायच्या आधी, दिवाळीच्या सुट्टीपूर्वीच मुख्याध्यापकांकडे करायला हवी. कुटुंब निघून गेल्यावर आजीला एकटीला ती धावपळ झेपत नाही.

मोफत म्हणजे नेमके काय काय?

सरकारी शाळेत आठवीपर्यंत फी नाही. मुलाला शिक्षण पूर्ण करण्यापासून रोखेल असा कोणताही खर्च त्याच्यावर लादता येत नाही. देणगी घेण्यास आणि प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकाची मुलाखत घेण्यास कलम १३ नुसार बंदी आहे. पाठ्यपुस्तके, शालेय पोषण आहार आणि गणवेश हे मूल ज्या शाळेच्या पटावर आहे तिथूनच मिळते. आई-वडील दुसऱ्या गावात राहतात म्हणून यांपैकी काहीही कापता येत नाही.

वयाची चौदा वर्षे आठवीच्या मध्येच पूर्ण झाली तरी हक्क तुटत नाही. उशिरा शाळेत आलेल्या मुलाला आठवी पूर्ण होईपर्यंत मोफत शिक्षण मिळते. नववीपासून पुढे मात्र हा कायदा लागू नाही, तिथे राज्याच्या इतर सवलती आणि त्या-त्या शाळेचे नियम पाहावे लागतात. म्हणून आठवीत असतानाच मुलाचे सर्व कागद नीट करून ठेवावेत.

खासगी शाळेतल्या २५ टक्के जागा: इथे सावध राहा

वर सांगितलेली मोकळीक सरकारी आणि अनुदानित शाळांसाठी आहे. खासगी विनाअनुदानित शाळांत वंचित आणि दुर्बल घटकांसाठी ठेवलेल्या २५ टक्के जागांचे प्रवेश राज्यात ऑनलाइन सोडतीने होतात. तिथे घर ते शाळा हे अंतर नकाशावर नोंदवले जाते आणि त्यावर प्राधान्य ठरते. पत्त्याचा पुरावा काटेकोर तपासला जातो आणि पत्ता खोटा निघाला तर मिळालेला प्रवेशही रद्द होऊ शकतो.

इथे साधारणपणे आई-वडिलांच्या नावाचा निवासाचा पुरावा मागतात. अनाथ मुलांसाठी वेगळी तरतूद आहे. मूल संस्थेत असेल तर संस्थेची कागदपत्रे आणि नातेवाइकांकडे असेल तर सांभाळ करणाऱ्याचे हमीपत्र. एकट्या आईने वाढवलेल्या मुलांसाठी, घटस्फोटाचा आदेश किंवा पतीच्या मृत्यूचा दाखला अशी कागदपत्रे मागितली जातात. आई-वडील हयात आहेत पण मूल आजीकडे आहे, अशा घरांनी अर्ज भरण्याआधी त्या वर्षीची सूचना वाचावी आणि शंका असेल तर पंचायत समितीच्या शिक्षण विभागात विचारावे. नातेवाइकाचा पत्ता आपला म्हणून दाखवण्याचा मोह टाळलेलाच बरा.

या जागांबाबत २०२४ मध्ये बराच गोंधळ झाला होता. सरकारी किंवा अनुदानित शाळा १ किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळेला या जबाबदारीतून सूट, असा बदल राज्याने फेब्रुवारीत केला. मुंबई उच्च न्यायालयाने तो १९ जुलै २०२४ रोजी रद्द ठरवला. त्यामुळे कुणी त्या जुन्या सूचनेचा हवाला देऊन अडवत असेल तर ती आता लागू नाही.

न्यायालयाचा कागद मग कधी लागतो?

मुलाच्या नावावरची जमीन किंवा मोठी रक्कम हाताळायची असेल, आई-वडील नाहीत आणि नातेवाइकांत ताब्यावरून वाद असेल, अशा वेळी १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली जिल्हा न्यायालयात अर्ज करून पालक नेमून घ्यावा लागतो. आई-वडिलांतच मुलाच्या ताब्याचा खटला चालू असेल तर न्यायालयाचा आदेश शाळेवरही बंधनकारक असतो. अशा आदेशाची प्रत शाळेला द्यावी. पण शाळाप्रवेश आणि पालकत्वाचा खटला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खटल्याचा निकाल लागेपर्यंत मुलाने घरी बसायचे नसते.

आई-वडील दोघे किंवा एक गमावलेल्या, किंवा ज्यांचे आई-वडील गंभीर आजार, तुरुंगवास अशा कारणांनी सांभाळ करू शकत नाहीत, त्या मुलांसाठी राज्याची बाल संगोपन योजना आहे. तिच्यात १८ वर्षांपर्यंतच्या मुलाच्या सांभाळासाठी महिन्याला मदत मिळते. २०२३ मध्ये ही रक्कम १,१०० वरून २,२५० रुपये करण्यात आली. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाकडे करायचा आणि मंजुरी बालकल्याण समिती देते. आई-वडील केवळ नोकरीसाठी मुंबईत आहेत एवढ्या कारणावर ही मदत मिळत नाही. पण नातवंडांना एकट्याने वाढवणाऱ्या अनेक आज्यांपर्यंत या योजनेची माहिती पोचलेली नसते.

इतरत्र काय होते?

अमेरिकेत शाळांच्या खर्चाचा मोठा वाटा स्थानिक मालमत्ता करातून येतो. त्यामुळे दुसऱ्या भागातले मूल आपल्या शाळेत मोफत शिकते का, यावर तिथे बारीक नजर असते. आई-वडिलांपासून वेगळे राहणारे मूल मुख्यतः शाळेसाठीच त्या भागात आले असेल तर त्याला मोफत प्रवेश नाकारता येईल, असा टेक्सास राज्याचा कायदा होता. मेक्सिकोत राहणाऱ्या आई-वडिलांनी टेक्सासमध्ये बहिणीकडे ठेवलेल्या एका मुलाच्या प्रकरणात, १९८३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरवला. मूल जन्माने अमेरिकेचे नागरिक होते, तरीही.

आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या शिक्षकांचा पगार गावच्या घरपट्टीतून होत नाही, त्याचा भार राज्य उचलते. त्यामुळे बाहेरून आलेले मूल गावावर ओझे ठरत नाही. उलट कोकणातल्या कित्येक शाळांना पट टिकवण्याची चिंता आहे, आणि आजीकडे राहायला आलेले एक मूल तिथे शाळेच्या फायद्याचेच असते. शाळेसाठी म्हणून मूल नातेवाइकाकडे ठेवले तरी आपला कायदा त्याला दोष मानत नाही.

मानणार तरी कसा? नातेवाइकांकडे राहून वाढणे ही इथली जुनी रीत आहे. याच जिल्ह्यातल्या पेण तालुक्यातील गागोदे गावी १८९५ मध्ये जन्मलेले विनोबा भावे लहानपणी आजोबांकडे वाढले. वडील नोकरीसाठी बडोद्याला होते.

तरीही नाही म्हटले तर?

पहिली पायरी, नकार लेखी मागा. बहुतेक ठिकाणी इथेच विषय मिटतो.

दुसरी पायरी, शालेय व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांना आणि केंद्रप्रमुखांना भेटा. तिथे झाले नाही तर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या. नागावकरांची एक सोय आहे. पंचायत समिती आणि रायगड जिल्हा परिषदेतले प्राथमिक शिक्षणाधिकारी, दोन्ही कार्यालये अलिबागलाच आहेत, गावापासून दहा किलोमीटरच्या आत. श्रीवर्धन किंवा पोलादपूरच्या माणसाला याच कामासाठी दिवस मोडावा लागतो.

तिसरी पायरी, कलम ३२. मुलाच्या शिक्षण हक्काबद्दल कोणीही व्यक्ती स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करू शकते. आजी लिहू शकत नसेल तर शेजारी, अंगणवाडी सेविका किंवा ग्रामपंचायत सदस्यही करू शकतो. या तक्रारीवर ३ महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. निर्णय मान्य नसेल तर महाराष्ट्र राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे दाद मागता येते. मूल अडचणीत असेल, कामाला जुंपलेले असेल किंवा त्याच्या सांभाळाबद्दलच चिंता असेल, तर १०९८ या मोफत क्रमांकावर केव्हाही फोन करता येतो. मोफत कायदेशीर सल्ल्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे.

आणखी एक गोष्ट आजीला सांगायला हवी. शालेय व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के सदस्य शाळेतल्या मुलांचे आई-वडील 'किंवा पालक' असावेत, आणि निम्म्या महिला असाव्यात, असे कलम २१ सांगते. म्हणजे नातवाच्या प्रवेशासाठी टेबलासमोर उभी राहिलेली आजी उद्या त्याच शाळेच्या समितीत बसू शकते. पुढच्या जूनमध्ये दुसरी आजी पिशवी घेऊन आली की तिला काय सांगायचे, हे तिला चांगले ठाऊक असेल.